टाच बरी होते नि परत दुखते, घोटा परत परत मुरगळतो: गडबड कुठंय ते शोधायचं कसं आणि पायाचा डॉक्टर कधी गाठायचा

टाच दुखायला लागली की बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. आधी दुर्लक्ष, मग मलम, मग गरम पाण्यात पाय, मग पेनकिलर, आणि तोवर दोनतीन आठवडे गेलेले असतात त्यामुळे थोडं बरं वाटतंच, की लगेच सगळं पूर्वीसारखं सुरू, आणि महिना-दीड महिन्यात टाच परत हजर. घोट्याचंही तेच, एकदा जोरात मुरगळला की नंतर सपाट जमिनीवर चालतानासुद्धा दगा देतो. ही पोस्ट अशा परत परत येणाऱ्या दुखण्यांबद्दल आहे. काल ठेच लागली आणि आज अंगठा ठणकतोय एवढंच असेल तर दोनचार दिवस वाट बघा, एवढं लांबलचक वाचायची गरज नाही.

माझं मत सरळ आहे. बऱ्याचदा आपण दुखणं दाबतो, पण पायाला झेपत नव्हता तो भार तसाच ठेवतो, म्हणून ते परत येतं. वजन वाढलेलं असतं, दिवसभर उभं राहायचं काम असतं, बूट आतून पार बसलेले असतात, पोटऱ्या आखडलेल्या असतात, नाहीतर कधी न धावणारा माणूस एकदम रोज धावायला लागलेला असतो. त्यातलं नेमकं काय ते कळलं तर अर्धं काम झालं. आणि एका पावलात २६ हाडं नि तीसच्या वर सांधे असतात, त्यामुळे नुसतं "पाय दुखतो" म्हणून कोणालाच काही कळत नाही, डॉक्टरलासुद्धा नाही.

आधी हे बघून घ्या, यात घरी प्रयोग करायचे नाहीत

डायबेटिस आहे आणि पावलाला जखम, फोड, चीर काहीही झालंय, दुखत असो वा नसो, त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी दाखवा. डायबेटिसवाल्याचा एक पाय अचानक लाल, गरम आणि सुजलेला दिसतोय पण फारसा दुखत नाहीये, तर ते जास्त घाबरण्यासारखं आहे, कारण त्यात हाडंच ढासळत असू शकतात. शार्को फूट म्हणतात त्याला, आणि ते नुसतं इन्फेक्शन समजून सोडून दिलं जातं असं बऱ्याचदा होतं. त्या पायावर भार न देता तातडीने तपासायला न्या.

धावताना किंवा उडी मारताना घोट्याच्या मागे "टप्" झालं, कोणीतरी मागून लाथ मारल्यासारखं वाटलं आणि आता चवड्यावर उभं राहता येत नाही, तर टाचेमागची जाड शीर, म्हणजे अकिलिस टेंडन तुटलेली असण्याची शक्यता आहे. पालथं झोपायचं, पावलं पलंगाच्या बाहेर लोंबत ठेवायची आणि दुसऱ्याला पोटरी दाबायला सांगायची. शीर शाबूत असेल तर पोटरी दाबली की पाऊल आपोआप खाली वळतं, तुटली असेल तर बहुतेक वेळा हलतच नाही. पण हे हललं म्हणून निर्धास्त होऊ नका, आवाज आणि अशक्तपणा असेल तर दाखवाच. सिप्रोफ्लोक्सासिन, लेवोफ्लोक्सासिन या जातीची अँटिबायोटिक्स चालू असताना किंवा नुकतीच संपली असताना तिथे दुखायला लागलं तर तेही लगेच कळवा, या गोळ्यांनी टेंडन तुटायचा धोका वाढतो हे माहीत असलेलं आहे.

बाकी, तापाबरोबर पायावर लाली वर चढत चाललीय, पाऊल थंडगार नि निळसर पडलंय, एकच पोटरी अचानक सुजून दुखतेय (ही रक्ताची गुठळी असू शकते), किंवा पाय वाकडा दिसतोय, यात थांबायचं नाही.

आता शोधायचं कसं

दोनच प्रश्न. एका बोटाने दाखवता येईल अशी जागा कुठली, आणि दिवसात कधी सगळ्यात जास्त दुखतं. बोट ठेवा म्हटल्यावर बरेच जण अख्खा तळहात फिरवतात, "इथून इथपर्यंत". तसं नको. खुर्चीत बसा, पाय मांडीवर घ्या, अंगठ्याने टाचेपासून चवड्यापर्यंत थोडं थोडं दाबत या, मग कडा, मग घोट्याची दोन्ही हाडं, मग टाचेची मागची बाजू. जिथे "आई गं" निघेल तिथे पेनाने खूण करा. दुसऱ्या दिवशी परत करा, खूण तिथेच येते का बघा. दुखण्याची जागा रोज बदलत असेल किंवा दुखण्यापेक्षा जळजळ, मुंग्या, बधीरपणा जास्त असेल तर नसेचा प्रश्न असू शकतो आणि कधी कधी त्याचं मूळ पायात नसून कमरेत असतं.

तिसरा प्रश्न लोक विचारत नाहीत पण विचारायला हवा: दुखणं सुरू व्हायच्या आधीच्या महिन्यात काय बदललं? नवीन बूट, नवीन नोकरी, घरात दिवसभर अनवाणी राहणं, चालण्याचं टार्गेट एकदम दुप्पट, वजन. "काहीच नाही" असं उत्तर पहिल्यांदा येतं, मग थोड्या वेळाने "हां, एक मात्र आहे" असं सुरू होतं.

टाच

सकाळी उठून पहिलं पाऊल टेकलं की टाचेच्या तळाशी, थोडं आतल्या बाजूला कळ येते, दहावीस पावलं चाललं की कमी होते, मग बराच वेळ बसून उठलं की पुन्हा, आणि संध्याकाळी दिवसभर उभं राहून झाल्यावर परत. हे असं असेल तर बहुधा प्लांटर फॅशिआयटिस आहे, म्हणजे टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळव्याखालून जाणारा जो जाड पट्टा असतो त्याचं टाचेकडचं टोक ताणून ताणून वैतागलेलं असतं. प्रौढांमध्ये टाचेखाली दुखण्याचं सगळ्यात कॉमन कारण हेच.

एक्सरेत "हाड वाढलंय" असं दिसलं की लोकांना वाटतं हेच ते, आता ऑपरेशन करून ते खरवडून काढायला लागणार. तसं नसतं. टाचेला असं वाढलेलं हाड असणारे भरपूर लोक आहेत ज्यांना आयुष्यात कधी टाच दुखलेली नाही, आणि टाच दुखणाऱ्या कित्येकांना ते हाड नसतंच. त्यामुळे एक्सरेवरच्या त्या काट्याला फार महत्त्व देऊ नका, तो काढायच्या मागे तर अजिबात लागू नका.

चांगली बातमी म्हणजे बहुतेकांचं हे ऑपरेशनशिवाय बरं होतं. वाईट बातमी म्हणजे वेळ लागतो, कित्येक महिने, कधी कधी वर्षसुद्धा, आणि इथेच गाडी अडते कारण लोक दोन आठवडे व्यायाम करतात, फरक पडला नाही म्हणून सोडतात, किंवा फरक पडला म्हणून सोडतात. दोन्हीचा शेवट एकच.

काय करायचं ते सांगतो. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवायच्या आधी, बसल्या बसल्या दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, बोटं हाताने धरून नडगीच्या दिशेने मागे ओढा, तळव्याखालचा पट्टा दोरीसारखा ताठ झालेला दुसऱ्या हाताने चाचपता येतो, तसा तो लागला पाहिजे, नाहीतर ओढताय पण पोचत नाहीये. दहा आकडे मोजा, सोडा, असं दहा वेळा. दिवसात अजून दोनदा. पोटरीचा ताण भिंतीला हात टेकवून, दुखरा पाय मागे, टाच जमिनीवर, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा किंचित वाकवून, अर्धा अर्धा मिनिट. गुडघा वाकवून करायचं बरेच जण गाळतात आणि पोटरीतला खालचा स्नायू तसाच आखडलेला राहतो.

मग ताकदीचा व्यायाम, जो खरा महत्त्वाचा आहे असं मला वाटतं. टॉवेलची गुंडाळी करा, जिन्याच्या पायरीच्या कडेवर ठेवा, पायाची बोटं त्या गुंडाळीवर म्हणजे वर उचललेली राहतील अशी, टाच पायरीच्या बाहेर. कठडा धरा. आता एका पायावर हळूहळू टाच वर, तीन सेकंद, वर दोन सेकंद थांबा, तीन सेकंदात खाली. बारा वेळा, असे तीन राउंड, एक दिवसाआड. एका पायावर जमत नसेल तर दोन्ही पायांवर सुरू करा. बारा सहज व्हायला लागले की पाठीवर सॅक अडकवा, त्यात पुस्तकं भरा, आणि राउंड वाढवत न्या. करताना थोडं दुखलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळचं पहिलं पाऊल आदल्या दिवसापेक्षा वाईट झालं तर जास्त झालं, वजन कमी करा. हे सकाळचं पहिलं पाऊल हाच तुमचा मीटर, दुखणं दहापैकी किती ते रोज फोनमध्ये टाकून ठेवा, कारण इतकं हळू बरं होतं की लिहून ठेवल्याशिवाय कळतच नाही, आणि मग "काही फरक नाही" म्हणून सोडायचा मोह होतो.

सोबत, बरं होईपर्यंत घरातही कडक फरशीवर अनवाणी फिरणं बंद, टाचेखाली थोडी उशी असलेली चप्पल घाला. एकदम सपाट, पातळ तळाची चप्पल या दिवसांत नको. धावणं, उड्या कमी करा पण चालणं पूर्ण बंद करू नका, सायकल किंवा पोहणं चालतं.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनबद्दल थोडं. देतात, काही आठवडे छान वाटतं, पण परत परत घेतलं तर टाचेखालची चरबीची गादी पातळ होऊ शकते, पट्टा फाटायचाही धोका असतो. म्हणजे घ्यायचंच नाही असं नाही, पण व्यायामाच्या ऐवजी नको आणि वर्षातून परत परत तर नकोच.

सगळीच टाचदुखी प्लांटर फॅशिआयटिस नसते. टाचेच्या अगदी मधोमध, कडक जमिनीवर मुका मार बसल्यासारखं दुखत असेल, तर ती चरबीची गादी झिजलेली असू शकते, त्याला ताण देण्यापेक्षा मऊ कुशन जास्त लागतं. टाच दोन्ही बाजूंनी तळहातात धरून दाबली आणि कळ आली, शिवाय भार दिला की दुखणं वाढतच जातं, तर हाडाला बारीक चीर असू शकते. टाचेच्या मागच्या बाजूला, बूट जिथे घासतो तिथे दुखत असेल तर अकिलिस. यात एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: शीर टाचेच्या हाडाला चिकटते तिथेच दुखत असेल तर वरचा पायरीवरचा व्यायाम टाच खाली लोंबवून करायचा नाही, सपाट जमिनीवर करायचा, नाहीतर शीर हाडावर दाबली जाऊन जास्त दुखतं. चार बोटं वर, शिरेच्या मधल्या भागात दुखत असेल तर मात्र टाच पायरीखाली नेलेली चालते, उलट तोच उपाय आहे आणि तो साधारण १२ आठवडे चालवायचा असतो.

तरुण वयात दोन्ही टाचा एकदम दुखतायत, सकाळी पाठही अर्धा-एक तास आखडलेली असते, तर टाचेचे व्यायाम करत बसू नका, संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. आठ ते चौदाच्या आसपासच्या, खूप खेळणाऱ्या मुलाची टाच मागून दुखत असेल तर बहुतेक वेळा वाढत्या हाडाचा प्रश्न असतो, खेळ थोडा कमी केला की मार्गी लागतो, पण एकदा दाखवून घ्या.

घोटा

मुरगळतो तेव्हा पाऊल जवळजवळ नेहमी आत वळतं आणि बाहेरच्या बाजूचे लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारे पट्टे, ताणले किंवा फाटले जातात. पहिला प्रश्न, फ्रॅक्चर आहे का? यासाठी डॉक्टर ऑटावा रूल्स वापरतात, कॅनडात १९९२ साली आलेले, आणि ते घरच्यालाही समजण्यासारखे आहेत. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाच्या टोकावर किंवा मागच्या कडेवर (टोकापासून वर सहा सेंटिमीटरपर्यंत) दाबल्यावर हाडच दुखतंय, किंवा पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध जो उंचवटा लागतो तिथे, किंवा पावलाच्या आतल्या बाजूला घोट्याच्या थोडं पुढे असलेल्या हाडावर दुखतंय, किंवा मुरगळल्या मुरगळल्या नि तपासतानाही चार पावलं टाकता येत नाहीत, तर एक्सरे काढा. लंगडत का होईना चार पावलं पडली तर ती पडली असं धरतात. यातलं काहीच नसेल तर फ्रॅक्चरची शक्यता खूप कमी. लहान मुलं, पायाला बधीरपणा असणारे, किंवा इतकी सूज की हाड हाताला लागतच नाही, यांच्यासाठी हा नियम घरी वापरू नका, सरळ दाखवा.

पहिले दोनतीन दिवस क्रेप बँडेज, पाय उंच, बर्फ हवा तर कापडात गुंडाळून दहापंधरा मिनिटं, दुखणं कमी वाटायला. जोरात चोळणं, "बसवून घेणं" हे नको, फाटलेल्या लिगामेंटला चोळून काय बसवणार. आणि मग लोक जे चुकवतात ते: महिनाभर पाय हलवायचाच नाही. साध्या मुरगळण्यात जमेल तेवढा भार लवकर द्यायला लागणं, घोटा वरखाली करणं, हवेत पायाने अक्षरं काढणं, हे बरं होण्याच्या कामी येतं.

परत परत मुरगळण्याचं कारण मात्र वेगळंच आहे आणि सूज उतरली की ते दिसत नाही. लिगामेंटमध्ये असे छोटे सेन्सर असतात जे मेंदूला सांगतात पाऊल किती वळलंय. ते एकदा दुखावले की निरोप उशिरा पोचतो, आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू पाऊल सावरायला उशीर करतात. घरी तपासायचं असेल तर भिंतीजवळ एका पायावर उभे राहा, मग डोळे मिटा. चांगल्या पायावर किती वेळ राहता आणि मुरगळलेल्या पायावर किती, ते बघा. फरक मोठा असेल तर तुमचा घोटा "बरा झालेला" नाही, नुसता दुखायचा थांबलाय.

उपाय कंटाळवाणा आहे पण चालतो. एका पायावर उभं राहणं, रोज, दात घासताना केलं तरी चालेल, आधी डोळे उघडे, मग मिटून, मग उशीवर किंवा घडी घातलेल्या चादरीवर उभं राहून, मग त्याच पायावर उभं राहून दुसऱ्या पायाने पुढे, बाजूला, मागे जमिनीला स्पर्श करणं. जोडीला रबर बँड पावलाला अडकवून पाऊल बाहेरच्या दिशेने ढकलणं. दीडदोन महिने तरी. खेळणाऱ्यांनी तोवर आणि पुढेही काही महिने खेळताना ब्रेस (घोट्याला आधार देणारा पट्टा) घालावा. ब्रेसने घोटा "कमकुवत होतो" म्हणून घालत नाहीत काही जण, पण परत मुरगळण्यापेक्षा तो बरा, आणि व्यायाम चालू असेल तर कमकुवत व्हायचा प्रश्न येत नाही.

सहा-आठ आठवडे झाले तरी सांध्याच्या आत खोल दुखतंय, मधेच अडकल्यासारखं होतंय, किंवा व्यायाम नीट करूनही घोटा सारखा सटकतोय, तर आता दाखवा, आतल्या कूर्चेला मार बसलेला असू शकतो आणि तो साध्या एक्सरेत कधी कधी दिसत नाही. आणि घोट्याच्या आतल्या बाजूला दुखून पायाची कमान हळूहळू बसत चाललीय, एकच पाऊल सपाट होतंय, त्या एका पायावर चवड्यावर उभं राहता येत नाहीये, तर लवकर दाखवा. तिथला टेंडन निकामी होत असतो आणि जितकं लवकर पकडाल तितकं सोपं.

चवडा आणि बोटं, भराभर

चालताना तिसऱ्या-चौथ्या बोटाच्या मुळाशी बुटात खडा अडकल्यासारखं वाटतं, बूट काढून चोळलं की बरं, तर मॉर्टन्स न्यूरोमा असू शकतो, नस दाबली जाते. आधी रुंद बूट घेऊन बघा, त्यातच बऱ्याच जणांना फरक पडतो. चवड्यात दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या हाडावर एकाच ठिकाणी दुखतं, वर थोडी सूज, आणि नुकतंच चालणं किंवा धावणं वाढवलंय, तर स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या भाराने हाडाला गेलेली बारीक चीर, डोक्यात ठेवा. पहिले दोनतीन आठवडे एक्सरे नॉर्मल येऊ शकतो, त्यामुळे "एक्सरेत काही नाही" म्हणून परत धावायला लागू नका. अंगठ्याचा सांधा रात्रीत लालभडक होऊन चादरसुद्धा सहन होत नाही, तर गाउट, म्हणजे युरिक ॲसिडमुळे होणारा संधिवात, आणि त्यात अटॅक चालू असताना युरिक ॲसिड नॉर्मल आलं म्हणजे गाउट नाही असं होत नाही, अटॅक उतरल्यावर परत तपासतात. अंगठा बाकीच्या बोटांकडे वळून त्याच्या मुळाशी हाडाचा गोळा आलाय तो बनियन. तो घराण्यातून येतो, टोकदार बुटांनी बिघडतो, आणि बोटांमध्ये घालायच्या सिलिकॉनच्या खाचांनी आराम पडला तरी हाड सरळ होत नाही, जाहिरात काहीही म्हणो.

नख रुतणं. अंगठ्याचं नख कोपऱ्यातून गोल कापत कापत आत नेलं की तिथे एक अणकुचीदार तुकडा राहतो आणि तो मांसात शिरतो. दुखतं म्हणून अजून आत कापायचं, की अजून आत वाढायचं, हे चक्र वर्षानुवर्षं चालतं लोकांचं. नख सरळ कापा, कोपरे थोडे बाहेर दिसू द्या. पू आला, मांस वाढून नखावर आलं, किंवा हे पुन्हा पुन्हा होतंय तर पोडियाट्रिस्ट, म्हणजे पायाचे डॉक्टर, बोट बधीर करून नखाची फक्त कडेची पट्टी काढतात आणि मुळाशी फिनॉल लावतात म्हणजे तेवढी पट्टी सहसा परत येत नाही. छोटं काम आहे, लोक उगीच घाबरून वर्षं काढतात.

कुरूप नि घट्टे. ब्लेडने कापायचं नाही. दाब जातोय तोवर ते परत येणारच, त्यामुळे बूट नाहीतर बोटांची ठेवण बघायला हवी. कुरूप आणि तळव्याची चामखीळ यात गल्लत होते: कुरूप सरळ वरून दाबल्यावर दुखतं, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर जास्त दुखते आणि तिच्यात बारीक काळे ठिपके दिसतात. कॉर्न प्लास्टरमध्ये सॅलिसिलिक ॲसिड असतं, ते चांगली कातडीही खातं, डायबेटिस किंवा पायातला रक्तपुरवठा कमी असणाऱ्यांनी ते लावायचंच नाही.

चिखल्या, बोटांच्या बेचक्यात पांढरी ओली कातडी आणि खाज. ही बुरशी, त्यावर टर्बिनाफिनची क्रीम एकदोन आठवडे, आणि खाज गेली म्हणून तिसऱ्या दिवशी ट्यूब टाकून द्यायची नाही, पॅकवर लिहिलंय तितके दिवस लावा. परत येण्याचं कारण बहुतेक वेळा बूट आणि मोजे असतात, तेच ओलसर बूट रोज. दोन जोड आलटून पालटून वापरा, पाय धुतल्यावर बेचकी नीट कोरडी करा. स्टेरॉइड मिसळलेली "सगळ्यावर एकच" क्रीम लावू नका, खाज लगेच थांबते आणि बुरशी आत मजेत पसरते. नख जाड नि पिवळं झालंय तर ते बुरशीच असेल असं नाही, गोळ्या सुरू करायच्या आधी नखाचा तुकडा तपासून घ्या, आणि उपचार केला तरी अंगठ्याचं पूर्ण नख नवीन यायला वर्ष-दीड वर्ष जातं.

डायबेटिस असेल तर वरचं अर्धं तुम्हाला लागू नाही

कारण दुखणं हाच आपला अलार्म आहे आणि बऱ्याच वर्षांच्या डायबेटिसमध्ये तोच बंद पडलेला असतो. बुटात खिळा आलाय आणि माणूस दिवसभर त्यावर चाललाय, कळलंच नाही, असं खरंच होतं. म्हणून रोज रात्री पावलं डोळ्यांनी बघायची, तळवा दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून, किंवा घरच्या कोणाला सांगून. बूट घालायच्या आधी आत हात फिरवायचा. गरम पाण्यात पाय बुडवायचे नाहीत, पाणी कोपराने तपासायचं. क्रीम टाचेला चालते, बेचक्यात नको. कुरूप, घट्टा स्वतः कापायचा नाही. आणि वर्षातून निदान एकदा पायांची तपासणी, तक्रार नसली तरी. त्यात तळव्याला नायलॉनचा बारीक धागा टेकवून संवेदना बघतात आणि पायाच्या नाड्या चाचपतात, पाच-दहा मिनिटांचं काम.

चालताना पोटरी भरून येते, थांबलं की बरं, आणि रात्री पाय पलंगाखाली लोंबवला की आराम, तर तो रक्तवाहिन्यांचा प्रश्न आहे, तिथे टाचेचे व्यायाम आणि इन्सोल (बुटात घालायची गादी) काही करणार नाहीत.

मग डॉक्टर कधी

वरच्या तातडीच्या गोष्टी सोडल्या तर माझा हिशोब असा: दुखण्यामुळे चालायची ढब बदललीय (मग गुडघा, कंबरही दुखायला लागते), रात्री झोपमोड होतेय, विश्रांती घेतानाही दुखतं, बधीरपणा आहे, किंवा व्यायाम खरोखर नियमाने सहा आठवडे करून सकाळच्या आकड्यात काहीच उतार नाही. आणि तिसऱ्यांदा तेच दुखणं आलंय तर सहा आठवडेही थांबू नका, कारण घरी जमणारं कारण असतं तर एव्हाना सापडलं असतं.

पोडियाट्रिस्ट म्हणजे पाऊल नि घोटा एवढंच बघणारे. सगळीकडे नसतात, मग पाऊल-घोटा बघणारे ऑर्थोपेडिक डॉक्टर, किंवा टाच, घोट्याच्या व्यायामासाठी फिजिओथेरपिस्ट. डायबेटिसवाल्यांनी डायबेटिक फूट क्लिनिक शोधावं.

जाताना रोज वापरता ते जुने बूट-चप्पल घेऊन जा, नवीन घेऊन ठेवलेले नकोत. उलटे करून आधी स्वतःच बघा: टाचेची बाहेरची कड थोडी झिजणं नॉर्मल आहे, पण एकाच बुटाची आतली कड खलास झालीय, किंवा मागून पाहिल्यावर बूट एका बाजूला कललेला उभा राहतो, तर ते डॉक्टरांना जरूर दाखवा. बूट दोन्ही हातांनी वाकवून बघा, बोटांपाशी वाकला पाहिजे, मधूनच घडी पडत असेल तर तो गेलाय. सकाळच्या दुखण्याचे आकडे, कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत ते, आणि दुखऱ्या जागेवरची ती पेनाची खूण, एवढं असलं की तपासणी सरळ मुद्द्यावर येते. नेलपॉलिश काढून जा.

नवीन बूट संध्याकाळी घ्या, पाय तेव्हा थोडे फुगलेले असतात, आणि दोन्ही पायांचं माप घ्या कारण ते बऱ्याचदा सारखं नसतं, मोठ्या पायाला बसेल तो घ्यायचा, सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवून. इन्सोलचं म्हणाल तर, मापाने बनवलेले महागडे इन्सोल पहिल्याच भेटीत कोणी सुचवले तर विचारा की साधे तयार मिळणारे आधी वापरून बघितले तर चालतील का. टाचदुखीसाठी तयार इन्सोल बऱ्याच जणांना तितकेच कामाला येतात, आणि त्यांनी दोनतीन महिन्यांत काही झालं नाही तर मापाचे करून घ्यायला वेळ आहेच.